तबला गेला कुठे? स्पीकरचा आवाज एका बाजूला झुकतो तेव्हा

गेल्या पावसाळ्यात गावाहून आप्पांचा फोन आला. "अरे, पेटी ऐकू येत्ये, गाणंही येतंय, पण तबला गेला."

आप्पा रोज सकाळी चहा झाला की कॉम्प्युटरवर मैफलींची रेकॉर्डिंग लावतात. टेबलावर दोन छोटे स्पीकर, मध्ये मॉनिटर. तबला गेला म्हटल्यावर मला अंदाज आला. बऱ्याच स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गाणारा मधोमध, पेटी एका अंगाला आणि तबला दुसऱ्या अंगाला असा ठेवलेला असतो, मंचावर बसतात तसाच. तबला गेला म्हणजे एक अख्खी बाजू गेली. मी म्हटलं, "आप्पा, कॉम्प्युटरच्या मागे हिरव्या भोकात पिन आहे, ती जरा गोल फिरवून बघा." त्यांनी फिरवली आणि तबला आला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "आज तबला आहे, पेटी आहे, पण गाणारे बुवाच गेले. लांब विहिरीतून गायल्यासारखे येतायत."

ही दुसरी तक्रार ऐकायला अशक्य वाटते. वाद्यं राहतात आणि नेमका गाणाराच कसा जातो? पण दोन्ही दिवशी दोष एकाच पिनेचा होता. ती पिन कळली की निम्मे प्रश्न घरीच सुटतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

हेडफोनची किंवा स्पीकरची ३.५ मिलिमीटरची पिन हातात घेऊन उजेडात नीट बघा. तिच्यावर दोन बारीक काळ्या रेघा दिसतील. त्या रेघांनी पिनेचे तीन तुकडे केले आहेत. अगदी टोकाचा तुकडा डाव्या आवाजाचा, मधलं कडं उजव्या आवाजाचं आणि बुडाकडचा लांब भाग दोघांच्या सामाईक परतीचा. वीज टोकातून किंवा कड्यातून जाते आणि बुडातून परत येते. कड्यापाशी कॉन्टॅक्ट तुटला तर उजवी बाजू जाते, टोकापाशी तुटला तर डावी. पहिल्या दिवशी झालं ते हे.

दुसऱ्या दिवशी परतीची वाट तुटली होती. आता डाव्या आणि उजव्या आवाजाला परत जायला एकमेकांखेरीज वाटच उरली नाही. दोन टाक्यांत पाणी सारख्या पातळीला असेल तर त्यांना जोडणाऱ्या नळीतून पाणी वाहत नाही, पातळीत फरक असेल तरच वाहतं. इथेही तसंच होतं. डाव्या-उजव्यात जे अगदी सारखं आहे ते वाहत नाही, फक्त फरक वाहतो. गाणारा मधोमध आहे याचा अर्थच असा की त्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा भरलेला आहे. म्हणून तो पुसला जातो, मागे त्याची नुसती घुमारी राहते, आणि कडेला असलेली पेटी न् तबला ठणठणीत ऐकू येतात. गाण्यातला गाणारा नाहीसा झाला तर स्पीकरला दोष देऊ नका. पिन काढा, पुसा आणि टक् असा आवाज येईपर्यंत आत बसवा.

पिन का बिघडते? आमच्याकडे समुद्राची खारी, दमट हवा आहे. दोन पावसाळ्यांत पिनेवर काळपट थर चढतो. शहरात लॅपटॉप-मोबाइलच्या भोकात खिशातली लव आणि धूळ जाऊन बसते. पिन आत गेल्यासारखी वाटते, पण केसभर बाहेरच राहते. लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने ती लव हलक्या हाताने उकरून काढा. सुई नको, आतल्या पत्र्याच्या पट्ट्या वाकतात. चार तुकड्यांची, म्हणजे तीन रेघांची पिन असेल तर ती माइकवाल्या हेडसेटची. ती प्रत्येक जुन्या भोकाशी जमतेच असं नाही, आणि तिथेही असाच पोकळ आवाज येऊ शकतो.

दोष नेमका कुठे, हे आधी शोधा

"एका बाजूचा आवाज बारीक येतोय" असं कोणी म्हटलं की बहुतेक जण लगेच नव्या स्पीकरच्या किमती बघायला लागतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की निदान एक तास काहीही विकत घेऊ नका. आवाज फाइलमधून निघून तुमच्या कानापर्यंत येताना बरीच स्टेशनं घेतो. फाइल, कॉम्प्युटरची सेटिंग, अंकांची वीज करणारी चिप, पिन आणि वायर, अॅम्प्लिफायर, स्पीकरचा पडदा, खोली आणि शेवटी कान. या प्रत्येक ठिकाणी डावी-उजवी अशी जोडी असते आणि कुठेही एक जण मागे पडू शकतो. शोधायची रीत एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बारीक बाजू जागा बदलते का ते बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की काहीच कळत नाही.

पहिल्यांदा वेगवेगळी तीन-चार रेकॉर्डिंग लावून बघा. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवलेल्या जुन्या गाण्यांत कधी एक बाजू मुळातच दबलेली असते, कारण कॅसेट प्लेअरचं हेड मळलेलं असायचं. तपासायला सगळ्यात चांगलं म्हणजे ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवरचं एखादं नाट्यपद किंवा भावगीत. त्या तबकड्या मोनो, म्हणजे एकाच माइकच्या वाटेने भरलेल्या. ब्रिटिश इंजिनिअर अॅलन ब्लुमलाइन यांनी स्टिरिओचं पेटंट १९३१ सालीच मागितलं होतं, पण स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला १९५८ साल उजाडलं. मोनो गाण्याच्या फाइलमध्ये डावीकडे आणि उजवीकडे तोच आवाज असतो, त्यामुळे तो दोन स्पीकरांच्या बरोबर मधल्या रिकाम्या जागेतून यायला हवा. डोळे मिटा आणि आवाज येतो तिकडे बोट दाखवा. बोट मध्यावर नसेल तर काहीतरी झुकलंय हे नक्की, मग यंत्रावरचे दिवे काहीही सांगोत.

मग स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढून मोबाइलला लावा. झुकाव गेला तर दोष कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. तसाच राहिला तर कॉम्प्युटर सुटला, पुढे जा. या एका तपासणीला दोन मिनिटं लागतात आणि अर्धा रस्ता बाद होतो.

दोष कॉम्प्युटरकडे निघाला तर आधी सेटिंग बघा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड असं जाऊन तुमच्या स्पीकरच्या नावावर क्लिक केलं की डाव्या आणि उजव्या चॅनेलच्या दोन वेगळ्या पट्ट्या दिसतात. त्या सारख्या आहेत ना बघा. मॅकवर साउंडच्या आउटपुटमध्ये बॅलन्सची पट्टी आहे, ती मध्यावर हवी. घरात लहान मुलं असतील तर ही पट्टी सरकलेली सापडण्याची शक्यता फार. आवाजाच्या सेटिंगमध्ये मांडणी किती स्पीकरांची निवडली आहे तेही बघा. दोनच स्पीकर असताना कॉम्प्युटरला ५.१, म्हणजे सहा स्पीकरांची मांडणी सांगितलेली असेल तर सिनेमातले संवाद तो मधल्या स्पीकरला पाठवतो, आणि तुमच्याकडे मधला स्पीकरच नसतो. गाणी, गाड्यांचे आवाज जोरात येतात आणि माणसं पुटपुटतात. ही तक्रार मी कित्येक घरांत ऐकली आहे आणि ती निस्तरायला कधी एक पैसाही लागला नाही.

दोष कॉम्प्युटरकडे नसेल तर स्पीकरच्या मागे बघा. तिथे लाल आणि पांढऱ्या टोपीच्या दोन वायरी असतील तर त्यांची अदलाबदल करा. बारीक बाजू डावीकडून उजवीकडे गेली तर वायर किंवा तिच्या आधीचं काहीतरी बिघडलं आहे. जागची हलली नाही तर अॅम्प्लिफायर, स्पीकर किंवा खोली. आता वायरी जशाच्या तशा ठेवून फक्त दोन्ही बॉक्सच्या जागा बदला. दबलेला आवाज बॉक्सबरोबर दुसरीकडे गेला तर दोष बॉक्समध्ये किंवा त्याला आवाज पुरवणाऱ्या बाजूत. बॉक्स बदलूनही तीच जागा दबलेली राहिली तर दोष खोलीचा.

नॉबच्या आत काय असतं

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या स्पीकरांचा एक दोष फार सापडतो आणि तो ओळखणंही सोपं आहे. आवाज अगदी बारीक ठेवला की एकच बाजू ऐकू येते, नॉब वाढवला की दुसरी हळूहळू सामील होते, आणि मध्यापुढे दोन्ही सारख्या होतात. कधी नॉब फिरवताना खरखर येते.

त्या नॉबखाली घोड्याच्या नालेच्या आकाराची कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून पत्र्याचं एक बोट सरकतं. स्टिरिओसाठी अशा दोन पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात आणि दोन्ही बोटं एकाच दांड्यावर. दोन्ही पट्ट्या तंतोतंत सारख्या घडवणं अवघड आहे, आणि सुरुवातीच्या टोकाशी तर फारच. बोट तिथे असताना पट्टीतला बारीकसा फरकही काही डेसिबलचा होतो. एक डेसिबलचा झुकावसुद्धा लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळतो.

यावर उपाय फुकटचा आहे. स्पीकरचा नॉब घड्याळातल्या बाराच्या आसपास ठेवा आणि रोजचा कमी-जास्त आवाज कॉम्प्युटरवरून करा. तिथे डावा-उजवा आवाज एकाच आकड्याने गुणला जातो, त्यामुळे दोन्ही बाजू बरोबरीनेच उतरतात. "कॉम्प्युटरवरून आवाज कमी केला की दर्जा जातो" असं सांगणारे भेटतात. आजची यंत्रणा हा हिशेब पुरेशा जादा अंकांनी करते, घरच्या ऐकण्यात त्याने काही बिघडत नाही. नॉबच्या झुकावाने मात्र रोज बिघडतं.

खरखर असेल तर स्पीकरचा प्लग काढून, बॉक्स उघडता येत असेल तरच, व्हॉल्यूम कंट्रोलच्या फटीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नॉब वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. मशीनचं तेल किंवा बिजागऱ्यांचा स्प्रे नको, त्यावर धूळ चिकटते. हात वळत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. व्हॉल्यूम कंट्रोल बदलणं म्हणजे चार-सहा ठिकाणी डाग मारण्याचं काम.

वायरीचाच आणखी एक दोष असतो आणि तो कानाला फार फसवतो. उघड्या तारांनी जोडायच्या स्पीकरांत एका बॉक्सची लाल आणि काळी वायर उलटी लागली तर आवाज दोन्हीकडून येतो, पण ढोलकी-पखवाज पोचट होतात आणि गाणारा कुठे बसला आहे हेच सांगता येत नाही. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि खालचे स्वर हवेतच एकमेकांना मारतात. एका बॉक्सच्या वायरी उलटवून बघा. खर्ज भरून आला तर आता बरोबर. खात्री करायची असेल तर ती वायर अॅम्प्लिफायरपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर तिला टेकवा, लाल तारेला सेलचं अधिक (+) टोक. पडदा बाहेर उसळला तर जोडणी सरळ आहे. क्षणभरच टेकवा, धरून ठेवू नका.

खोली आणि कान

आता ज्या गोष्टीकडे बहुतेक जण बघतच नाहीत ती. आपल्याकडे कॉम्प्युटरचं टेबल सहसा कोपऱ्यात ढकललेलं असतं. डावा स्पीकर भिंतीला चिकटून, उजव्याच्या शेजारी उघडं दार. भिंतीजवळच्या स्पीकरचे खालचे स्वर भिंतीवरून परतून त्यालाच मिळतात आणि ती बाजू भरलेली, जाड वाटते. दाराकडच्या स्पीकरचा आवाज बाहेर निघून जातो. त्यात एका बाजूला लोखंडी कपाट आणि दुसऱ्या बाजूला जाड पडदा किंवा गाद्यांची चळत असेल तर स्पीकर कितीही भारी असोत, आवाज झुकणारच.

अंतराचंही तसंच. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर. एक स्पीकर तुमच्यापासून वीतभर जवळ असला तरी त्याचा आवाज अर्धा-पाऊण मिलिसेकंद आधी पोचतो. आपला मेंदू आधी येणाऱ्या आवाजाकडेच बघतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली आपल्या प्रबंधात उशिरा येणाऱ्या आवाजाचा कसून अभ्यास मांडला, आणि आजही या परिणामाला त्यांचंच नाव आहे. बॅलन्सची पट्टी सरकवून दूरच्या स्पीकरचा जोर वाढवता येतो, पण उशीर भरून निघत नाही. म्हणून पट्टीला हात लावण्याआधी स्पीकर हलवा.

मी सुतळी वापरतो. सुतळीचं एक टोक खुर्चीत नाकापाशी धरायचं, दुसरं डाव्या स्पीकरच्या मधोमध न्यायचं आणि तिथे गाठ मारायची. तीच गाठ उजव्या स्पीकरपाशी पोचते का बघायचं. मग दोन स्पीकरांमधलं अंतरही तेवढंच ठेवायचं, की तीन सारख्या बाजूंचा त्रिकोण झाला. दोन्ही बॉक्स भिंतीपासून सारखे पुढे ओढायचे, तोंडं किंचित आत वळवायची, आणि छोटा वरचा पडदा कानाच्या उंचीला येईल अशी खाली दोन जाड पुस्तकं सारायची. टेबल भिंतीच्या मध्याशी आणता आलं तर सोन्याहून पिवळं. मी सांगून टेबल हलवलेल्या लोकांपैकी कुणीही ते परत कोपऱ्यात नेलेलं नाही.

आणि कान. हेडफोन घालून ऐका, मग उलटा घाला, डावा उजव्या कानावर. झुकाव कानाबदली दुसरीकडे गेला तर हेडफोन किंवा फाइल. त्याच कानाला बारीक राहिला तर कान. हेडफोन नसेल तर खुर्ची फिरवून स्पीकरकडे पाठ करून बसा. मघाशी उजवीकडून बारीक वाटत होतं आणि आता डावीकडून वाटतंय, तर दोष खोलीत किंवा यंत्रात. अजूनही उजवीकडूनच बारीक वाटत असेल तर उजवा कान तपासून घ्या. आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलाने नवे स्पीकर आणले, तेही "झुकलेले" निघाले, आणि शेवटी डॉक्टरांनी काकूंच्या कानातला मळ काढला तेव्हा घरातले दोन्ही जोड सरळ झाले. कानात काडी किंवा पिन घालू नका, मळ आणखी आत जातो. आणि हे मात्र मनावर घ्या. एका कानाचं ऐकू येणं एक-दोन दिवसांत अचानक कमी झालं तर वाट बघू नका, लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठा. काही कारणांत उपचार पहिल्या दिवसांतच लागू पडतात.

ज्यांना एकाच कानाने ऐकू येतं त्यांच्यासाठी विंडोज, मॅक आणि मोबाइल सगळीकडे मोनो ऑडिओ अशी सेटिंग असते. ती लावली की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन येतो आणि एका बाजूचा तबला हातचा जात नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना ही सोय करून द्या. पुष्कळ जणांना ती आहे हेच ठाऊक नसतं.

हिरवं भोक, यूएसबी, ऑप्टिकल, एचडीएमआय की ब्लूटूथ?

कॉम्प्युटरमधून आवाज बाहेर काढायच्या एवढ्या वाटा बघून माणूस गांगरतो. पण सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: अंकांचा आवाज होतो कुठे? फाइलमध्ये आवाज म्हणजे नुसते आकडे. सीडीच्या दर्जाला प्रत्येक बाजूचे सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा १६ बिटांचा. दोन बाजू धरून सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट. या आकड्यांची वीज करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. ती चिप कॉम्प्युटरच्या पोटात आहे, वायरीच्या टोकाला आहे की स्पीकरमध्ये आहे, एवढाच या वाटांमधला खरा फरक.

हिरव्या भोकाची चिप मदरबोर्डवरच असते. रंगांची ही खूण मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या १९९०च्या दशकाअखेरच्या नियमावलीतून रुळली: हिरवं स्पीकरला, गुलाबी माइकला, निळं बाहेरून आवाज आत घ्यायला. हल्लीच्या मदरबोर्डवरची चिप घरच्या ऐकण्याला पुरून उरते. अडचण असते ती शेजाऱ्यांची. त्याच पेटीत पंखे, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड यांची विजेची गडबड चालू असते. माउस हलवला की स्पीकरमधून किरकिर येते, पान खाली सरकवलं की चिवचिव, ती या गडबडीचीच. अशा वेळी पुढचं भोक सोडून मागचं वापरा. पुढच्या भोकापर्यंत जाणारी पातळ वायर पेटीच्या आतून ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून जाते, मागचं भोक थेट बोर्डवर असतं. हेडफोनसाठी पुढचं ठीक, स्पीकरला मागचंच.

मागच्या भोकातूनही किरकिर येत असेल, किंवा भोक झिजून पिन डळमळत असेल, तर यूएसबी डॅक घ्या. बोटाएवढी पेटी, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनचं भोक. आकडे यूएसबीतून बाहेर येतात आणि वीज बाहेरच तयार होते, गडबडीपासून दूर. साध्या डॅकला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, लागत नाही. कुठला विकत घेण्याआधी एक विचारा, आत चिप आहे ना? मोबाइलसोबत मिळणाऱ्या काही स्वस्त टाइप-सी जोडण्यांत ती नसतेच, नुसती वायर असते, आणि कॉम्प्युटरला लावल्यावर त्या मुक्या राहतात. माझ्या मते दुरुस्तीच्या भानगडीत पडण्यापेक्षा बिघडलेल्या भोकाला हा सगळ्यात स्वस्त आणि पक्का पर्याय आहे. मात्र १९२ किलोहर्ट्झचा आकडा बघून झुकाव जाईल म्हणून घेऊ नका. त्या आकड्याचा डाव्या-उजव्याशी काही संबंध नाही.

ऑप्टिकलची वाट तोशिबाने १९८३ साली सीडी प्लेअरसाठी आणली. या वायरीतून वीज जातच नाही, लाल उजेड लुकलुकत जातो. कॉम्प्युटर आणि अॅम्प्लिफायर यांच्यात तांब्याचा धागाच नसल्यामुळे एका प्रकारची घूंऽऽ इथे मुळातच येऊ शकत नाही. ती घूं म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची. कॉम्प्युटर आणि अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटला लावलेले असले की दोघांच्या अर्थिंगमधून आणि आवाजाच्या वायरीतून एक गोल रस्ता तयार होतो आणि त्यात ती फिरत राहते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा, घूं गेली तर कारण हेच. दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. नाहीतर ऑप्टिकल. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कुणाच्याही सांगण्यावरून तोडू नका, जिवाशी खेळ होतो. ऑप्टिकल वायर नवी असेल तर टोकावरची पारदर्शक टोपी काढायला विसरू नका आणि तिला काटकोनात मुडपू नका.

एचडीएमआयमध्ये डॅक टीव्हीत किंवा मॉनिटरमध्ये असतो. टीव्ही किंवा होम थिएटरचा अॅम्प्लिफायर जोडायचा असेल तर ही वाट उत्तम, आठ चॅनेलपर्यंतचा आवाज न दाबता जातो. मॉनिटरच्या मागच्या हेडफोन भोकाकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. नवा मॉनिटर लावल्यावर "आवाजच गेला" अशी तक्रार आली तर पाहायची जागा एकच: कॉम्प्युटरने परस्पर आवाज मॉनिटरकडे वळवलेला असतो. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चित्रावरून पुन्हा आपले स्पीकर निवडा.

ब्लूटूथ सोयीचं आहे, यात वाद नाही. पण तिथे आवाज दाबून, लहान करून पाठवावा लागतो. सर्वांना चालणाऱ्या साध्या एसबीसी पद्धतीत चांगल्या दर्जालाही सेकंदाला सुमारे ३२८ हजार बिट जातात, सीडीच्या चौथ्या हिश्शाहून कमी. चहा पिता पिता ऐकायला ते पुरतं. खरी अडचण उशिराची आहे. आवाज एक-दोन दशांश सेकंद मागे राहतो, म्हणून ब्लूटूथवर कराओके, की-बोर्डचा रियाज किंवा व्हिडिओचं एडिटिंग करू नका, ताल हातात राहत नाही. आणि मीटिंग सुरू झाली की गाणं अचानक टेलिफोनवरून आल्यासारखं का होतं? हेडसेटचा माइक चालू झाला की दोन्ही दिशांनी बोलता यावं म्हणून ब्लूटूथ स्टिरिओ सोडून हलक्या, मोनो पद्धतीवर उतरतं. माइक लॅपटॉपचा निवडा, आवाज पूर्ववत होतो. कानात घालायच्या सुट्या इअरबडची एक बाजू बारीक झाली असेल तर बहुधा तिच्या जाळीत मळ अडकलेला असतो. कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून, झाडून काढा.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा आप्पांचं टेबल आम्ही दोघांनी मिळून कोपऱ्यातून सरकवलं आणि सुतळी लावली. हिरवं भोक झिजलंच होतं, तिथे यूएसबी डॅक आला. आप्पांनी ७८च्या तबकडीवरचं पद लावलं, डोळे मिटले आणि बोट थेट मॉनिटरच्या वरच्या घड्याळाकडे गेलं, दोन्ही स्पीकरांच्या मधोमध. मग आईकडून नेलपॉलिश मागून घेतलं. नॉबवर बाराच्या जागी एक ठिपका, उजव्या बॉक्सवर एक आणि त्याच्या वायरीवर एक. झाडलोट करताना वायरी निघतातच, परत लावताना ठिपक्याला ठिपका जुळवायचा.